पुरून ठेवलेले कागद

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी विषय कोणता घ्यावा हे न्यासाच्या चिटणीसांनी आमच्यावरच सोपविले. आम्ही पेशाने शाळामास्तर, इतिहास आणि भूगोल शिकविणारे. मास्तराला विषय निवडावयास सांगितला की तो वर्गातलाच निवडणार, हे चिटणीसांनी आधीच ओळखावयास हवे होते. तेव्हा सुरुवात वर्गापासून करतो.

गेल्या वर्षी नववीत जर्मनीचा धडा चालू होता. नाझी राजवटीने युरोपातील सुमारे साठ लाख यहुदी ठार मारले, हे वाक्य दरवर्षीप्रमाणे आम्ही फळ्यावर लिहिले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तोच मागल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. मुलगा खोडकर नाही, उलट गप्प बसणारा. म्हणाला, "सर, साठ लाख हे मोजले कोणी?" वर्ग हसला. "पुस्तकात दिले आहे," असे म्हणून आम्ही त्याला खाली बसविले. वीस वर्षांच्या नोकरीत आम्ही मुलांना जी उत्तरे दिली त्यांत इतके वाईट उत्तर दुसरे नसेल. हे सारे थोतांड आहे असे सांगणारा मजकूर त्याच्या मोबाइलवर कोणीतरी पाठविला होता, हे आम्हांस नंतर समजले. त्या मजकुरापुढे आमचे 'पुस्तकात दिले आहे' किती वेळ टिकणार?

तेव्हापासून फावल्या वेळात आम्ही ह्या विषयाचे वाचन धरले. वाचता वाचता ध्यानात आले की मोजणाऱ्यांच्या आधी लिहून ठेवणारे होऊन गेले. त्यांतले पुष्कळसे आमच्यासारखेच मास्तर होते, आणि त्यांचे काम एका धर्मादाय संस्थेच्या आडोशाने चालले होते. म्हणूनच हा विषय आजच्या समारंभात अगदीच अस्थानी ठरणार नाही, असे वाटते.

पोलंडची राजधानी वॉर्सा. जर्मनांनी ते शहर १९३९ साली घेतले आणि नोव्हेंबर १९४० मध्ये तेथील यहुद्यांना भिंत घालून एका वस्तीत कोंडले. त्या वस्तीस घेट्टो म्हणत. जागा सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर, आणि माणसे पुढे पुढे साडेचार लाखांच्या घरात गेली. सरकारी शिध्यातून माणशी दिवसाला दोनशे उष्मांकसुद्धा धड मिळत नसत. चोरून आणलेले अन्न नसते तर सारी वस्ती काही महिन्यांतच संपली असती. तरीही १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत भुकेने आणि साथीने ऐंशी हजारांवर माणसे गेली.

ह्या वस्तीत एमानुएल रिंगेलब्लूम नावाचे एक इतिहासकार होते. वॉर्सा विद्यापीठाचे डॉक्टर, पण पोटासाठी मुलींच्या शाळेत इतिहास शिकविलेले. वय चाळीस. घेट्टोत त्यांच्याकडे स्वयंसाहाय्य संस्थेचे काम होते. ही संस्था लंगरखाने चालवी, चाळीचाळींतून समित्या नेमी, निर्वासितांना कपडे देई. ह्या कामाच्या निमित्ताने रिंगेलब्लूम ह्यांच्याकडे दिवसभर माणसांची रीघ असे. कोणी कोठून आला, घरचे कोण गेले, वाटेत काय पाहिले, हे सारे ते ऐकत. रात्री टिपून ठेवीत. एकट्याच्याने हे होणारे नाही असे दिसताच नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांनी एक गुप्त मंडळ उभे केले. मंडळी शनिवारी दुपारी जमत, म्हणून मंडळाचे नाव 'ओयनेग शाबेस' ठेवले. ह्याचा अर्थ शब्बाथचा आनंद. शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा वार. आपल्या कोकणातले बेने इस्राएल बांधव तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत, हे येथील वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल. तोच हा शनिवार.

मंडळात सुमारे साठ माणसे. त्यांत लेखक होते, अर्थशास्त्राचे अभ्यासक होते, एक धर्मपंडित होते, शिक्षक तर होतेच. पेरेत्स ओपोचिन्स्की हे घेट्टोत पोस्टमन होते. दिवसा पत्रे वाटावीत आणि रात्री पोस्टमनला काय काय दिसते ते लिहावे, असा त्यांचा क्रम. लिहिणाऱ्यांस थोडे मानधन दिले जाई, कारण उपाशी माणूस फार दिवस लिहू शकत नाही. प्रश्नावल्या तयार केल्या होत्या: बायकांचे आयुष्य कसे बदलले, मुले काय करतात, चोरट्या व्यापाराची तऱ्हा कशी, धर्माचरण कसे चालते. यहुदी पोलीस आपल्याच लोकांशी कसे वागतात, लाच कोण खातो, हेही विचारले होते. रिंगेलब्लूम ह्यांचा कटाक्ष असा की आपल्यांतले वाईट झाकावयाचे नाही, आणि लिहावयाचे ते लगेच लिहावयाचे. उद्याचे हाल इतके मोठे असतील की आजचे हाल आठवणीत लहान होऊन बसतील, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडे स्मरणिका काढावयाची ठरली की आपण देणगीदारांचे फोटो छापतो आणि भांडणे गाळतो. चिटणीसांनी रागावू नये. आम्हीही त्याच समितीवर आहोत.

आणि त्यांनी जमविले तरी काय? हे वाचताना आम्ही पुन्हा पुन्हा थांबलो. रोजनिशा, पत्रे, सरकारी हुकूम, शाळेतल्या मुलांचे निबंध हे तर होतेच. पण त्यांबरोबर शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, नाटकाच्या जाहिराती आणि गोळ्या-चॉकलेटांचे कागद! एकेका बिऱ्हाडात डझनांनी माणसे कोंबलेली, तेव्हा कोणाकडे जावयाचे असल्यास दारावरची घंटा किती वेळा वाजवावी ह्याची चिठ्ठी दाराला लावलेली असे. ती चिठ्ठीसुद्धा जपून ठेवली. एका हॉटेलचे पदार्थपत्रक आहे, त्यात भाजलेल्या हंसाचे नाव आहे. भिंतीच्या आत मुले रस्त्यावर उपासाने मरत होती आणि त्याच भिंतीच्या आत पैसेवाला माणूस हंस खाऊ शकत होता. एका छापील कागदाने हे जेवढे सांगितले, तेवढे आमच्या पाठ्यपुस्तकाच्या चार पानांनी सांगितलेले नाही.

राखेल आउएर्बाख ह्या लेखिका. त्या वॉर्सा सोडून जाण्याच्या विचारात होत्या, पण रिंगेलब्लूम ह्यांनी त्यांस थांबवून एका लंगरखान्याचे काम दिले. रोज शेकडो माणसे त्यांच्याकडे सूप घेण्यास येत. आउएर्बाख बाईंनी त्या खान्याचा वृत्तांत लिहिला, आणि त्यात प्रामाणिकपणे कबूल केले की ह्या पातळ सुपाने कोणी वाचत नाही, मरण फक्त थोडे पुढे ढकलले जाते. अन्नछत्र चालविणाऱ्या कोणत्या संस्थेने आपल्या अहवालात असे लिहिले असेल? तरी त्यांनी खाना बंद केला नाही, आणि येणाऱ्यांची माहिती टिपणेही थांबविले नाही.

जानेवारी १९४२ मध्ये खेल्म्नो येथील छावणीतून एक कैदी पळाला. तेथे मोटारींच्या बंद खोक्यात धूर सोडून माणसे मारीत आणि प्रेते पुरण्याचे काम त्याच्याकडून करवून घेत. तो वॉर्साला पोहोचला. मंडळातील हर्श वासर आणि त्यांच्या पत्नी ब्लूमा ह्यांनी त्याची सारी हकीगत लिहून घेतली. बातमी गुप्त मार्गाने लंडनला गेली. त्या माणसाला सुरक्षित जागी म्हणून दुसऱ्या गावी पाठविले, आणि तेथून जर्मनांनी त्याला दुसऱ्या मरणछावणीत नेले. माणूस गेला, त्याची जबानी राहिली.

२२ जुलै १९४२ ला वॉर्सा घेट्टो रिकामे करण्यास सुरुवात झाली. दोन महिन्यांत सुमारे २,६५,००० माणसे आगगाडीने ट्रेब्लिंका येथे नेऊन मारली. ह्या धामधुमीतच कागद पुरण्याचे ठरले. जागा निवडली एका शाळेची. नोवोलिप्की रस्ता, क्रमांक ६८, तळघर. काम सोपविले त्याच शाळेचे शिक्षक इस्राएल लिख्टेनश्टाइन ह्यांच्यावर, मदतीला त्यांचेच दोन माजी विद्यार्थी, दाविद ग्राबेर आणि नाखुम ग्झिवाच. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा अठराचा. पत्र्याच्या दहा पेट्या भरून त्यांनी ऑगस्टच्या आरंभी जमिनीत घातल्या. पेट्या बंद करण्यापूर्वी तिघांनीही आपापल्या हाताने थोडे लिहून वर ठेवले. मास्तरांनी लिहिले की आपणास आभार नकोत, स्मारक नको. आपली बायको गेला सेक्श्टाइन चित्रकार आहे आणि आपली वीस महिन्यांची मुलगी मार्गालित हुशार आहे, त्यांची आठवण राहावी. पत्नीची चित्रेही त्याच पेट्यांत ठेवली. ग्झिवाचने लिहिता लिहिता कळविले की आईवडील राहतात ती इमारत वेढली गेल्याचे ऐकले, तिकडे धावत जातो. शेवटी आपले नाव लक्षात ठेवा म्हणून त्याने नाव पुन्हा लिहिले.

आम्ही हे वर्गात वाचून दाखविण्याचा प्रयत्न केला होता. मास्तर आणि विद्यार्थी शाळेच्या तळघरात खड्डा खणीत आहेत, येथपर्यंत आलो आणि पुढले दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणून पुस्तक मिटले.

फेब्रुवारी १९४३ च्या अखेरीस उरलेले कागद दुधाच्या दोन मोठ्या कॅनांत भरून त्याच तळघरात पुरले. आणखी एक भाग दुसऱ्या एका इमारतीखाली ठेवला असे म्हणतात. तो आजवर सापडलेला नाही. रिंगेलब्लूम बायकोमुलासह शहराच्या दुसऱ्या भागात लपले होते. मार्च १९४४ मध्ये ती जागा पकडली गेली आणि त्यांना गोळ्या घातल्या. पत्नी यहुदीत आणि मुलगा उरी हेही त्याच वेळी मारले गेले. साठांपैकी तिघेच मागे राहिले: वासर नवराबायको आणि लंगरखान्याच्या आउएर्बाख बाई.

युद्ध संपले तेव्हा घेट्टोच्या जागी विटांचा समुद्र होता. रस्ता कोठे, घर कोठे, काही कळेना. एप्रिल १९४६ मध्ये आउएर्बाख बाईंनी भर सभेत सांगितले की ह्या ढिगाऱ्याखाली आमचा ठेवा आहे, तो काढा. मोजणी करून, उभ्या राहिलेल्या एका चर्चच्या मनोऱ्यावरून अंदाज बांधून, १८ सप्टेंबर १९४६ रोजी दहाही पेट्या निघाल्या. घाईत पत्र्याच्या फटी बुजवल्या गेल्या नव्हत्या. पाणी शिरले होते, कागदांना बुरशी चढली होती, पुष्कळ फोटो पुसले गेले होते. दुधाचे कॅन १ डिसेंबर १९५० रोजी बांधकामाच्या मजुरांना लागले. ते मात्र चांगल्या स्थितीत होते. आज वॉर्सा येथील यहुदी इतिहास संस्थेत सुमारे ३५,००० पाने आहेत, आणि १९९९ साली युनेस्कोने त्यांची नोंद जगाच्या स्मृतीच्या यादीत केली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. मोजले कोणी?

काही अंशी मारणाऱ्यांनीच मोजले. जर्मन कारभार कागदावर चाले. कोणत्या गाडीतून किती नेले ह्याच्या याद्या आहेत. जानेवारी १९४३ मध्ये एका अधिकाऱ्याने बिनतारी संदेशाने वरिष्ठांना १९४२ अखेरचा हिशेब कळविला. इंग्रजांनी तो वाटेत पकडला, पण त्याचा अर्थ त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही. २००० साली तो लंडनच्या दप्तरात संशोधकांना सापडला. त्यातल्या एकूण बेरजेवरून ट्रेब्लिंकाचा आकडा ७,१३,५५५ ठरतो. हजार किंवा शंभरावर गोळाबेरीजही केलेली नाही. शिवाय युद्धापूर्वीच्या आणि नंतरच्या जनगणना आहेत, खटल्यांतल्या जबान्या आहेत. ह्या सगळ्यांचा ताळा घालून साठ लाखांच्या आसपासचा आकडा निघतो.

पण आकड्यात नाव नसते. ट्रेब्लिंकाला उतरलेल्यांची नावे कोणी विचारलीच नाहीत. आउश्वित्झमध्येही ज्यांना गाडीतून थेट विषारी वायूकडे नेले त्यांची नोंद झाली नाही. जी नोंद झाली ती कैद्यांची. जर्मनीत बाड आरोल्सन नावाचे एक लहान गाव आहे. छावण्यांतून हाती लागलेली कार्डे, याद्या, दवाखान्यांची पुस्तके तेथे एकत्र केली आहेत. सुमारे तीन कोटी कागद, एक कोटी पंचाहत्तर लाख माणसांविषयी. कैद्यांच्या अंगावर किती उवा सापडल्या ह्याचीसुद्धा यादी त्यांत आहे! हरवलेल्यांचा शोध लावण्यासाठी उभारलेली ही कचेरी अभ्यासकांना मात्र २००७ च्या अखेरीस खुली झाली. तोवर विचारणाऱ्यांतले कितीतरी म्हातारे मरून गेले होते, ह्याचा आम्हांस राग येतो. तेथे काही लखोटेही आहेत. छावणीत शिरताना काढून घेतलेली मनगटी घड्याळे, लग्नाच्या अंगठ्या, पाकिटातले फोटो. २०१६ पासून त्या कचेरीने घरच्यांना शोधून ह्या वस्तू परत करण्याचे काम जोराने हाती घेतले आहे. शेकडो कुटुंबांस त्या पोहोचल्या. आजोबांचा चेहरा कधीच न पाहिलेल्या नातवाच्या हाती आजोबांचा फोटो पडतो.

ज्यांचे कार्डही नाही, त्यांच्यासाठी जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने एक साधा छापील अर्ज काढला. मृताचे नाव, आईबापांचे नाव, गाव, धंदा. आणि खाली भरणाऱ्याची सही व नाते. १९५३ साली कायद्याने स्थापन झालेल्या ह्या संस्थेत वाचलेल्यांच्या जबान्या घेण्याचे खाते आउएर्बाख बाईंनीच १९५४ मध्ये उभारले. वॉर्साच्या लंगरखान्यातले काम त्यांनी असे पुढे चालविले. अर्ज, याद्या, कार्डे सारे मिळून २०२५ पर्यंत पन्नास लाख नावे जुळली. दहा लाख अजून बिननावाची आहेत. एखादे सारे गावच गेले तर अर्ज भरणार कोण?

आम्ही ह्या विषयावर बोलणार हे कळल्यावर एका स्नेह्याने नमाजानंतर आम्हांस बाजूला घेतले. म्हणाले, "मास्तर, यहुद्यांच्या दुःखाचे तुम्हांस काय? आज पॅलेस्टाइनमध्ये काय चालले आहे ते दिसत नाही का?" दिसते. त्याविषयीचे आमचे मत आम्ही लपवीत नाही, ह्या स्नेह्यालाही ते ठाऊक आहे. पण आमच्यात जनाजा निघाला की वाटेवरचा अनोळखी माणूससुद्धा पुढे होऊन खांदा देतो. मयत कोणाची हे विचारीत नाही. साठ लाखांना ना कफन मिळाले ना कबर. तेथे चार पावले खांदा देण्यास आम्ही कोणाची परवानगी मागावी?

ह्याच दप्तरांतून मुसलमानांचेही नाव वर आले आहे. मोहम्मद हेल्मी हे इजिप्तचे डॉक्टर बर्लिनमध्ये होते. नाझींनी त्यांना स्वतःलाही अटकेत ठेवले होते. सुटल्यावर त्यांनी आना बोरोस नावाच्या यहुदी मुलीला युद्ध संपेपर्यंत लपविले. डॉक्टर १९८२ साली वारले, ही गोष्ट मागे पडली. वाचलेल्यांनी त्यांच्यासाठी बर्लिन सरकारला लिहिलेली जुनी पत्रे तेथल्या दप्तरखान्यात सापडली, आणि २०१३ साली याद वाशेमने त्यांचा गौरव जाहीर केला. इस्राएलकडून आलेला मान म्हणून घरच्यांनी तो आधी नाकारला. पुढे २०१७ साली एका आप्ताने बर्लिनमध्ये स्वीकारला. नाकारणे आणि स्वीकारणे दोन्ही आम्हांस समजते.

आणि आपल्या बडोद्याचाही एक धागा आहे. गायनशाळेचे मौलाबक्ष येथे कोणास सांगावे लागणार नाहीत. त्यांचे नातू हजरत इनायत खान १८८२ साली येथेच जन्मले. त्यांची मुलगी नूर इंग्रजांची बिनतारी चालविणारी हेर म्हणून १९४३ साली पॅरिसला गेली आणि पकडली गेली. ती यहुदी नव्हती, पण छावणी तीच. फोर्टझाइमच्या तुरुंगात तिला एकटीला बेड्यांत ठेवले होते. जेवणाच्या भांड्याच्या बुडाशी तिने आपले घेतलेले नाव आणि लंडनचा पत्ता खरवडला, आणि भांडी फिरता फिरता ते इतर बायकांच्या हाती गेले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊ येथे तिला मारले. युद्धानंतर चौकशी झाली तेव्हा नात्झवायलर छावणीत मारलेल्या चौघींपैकी एक नूर, असे चुकीने धरले गेले. ती चौथी खरोखर सोन्या ओल्शानेझ्की नावाची यहुदी तरुणी होती. काही काळ नूरचे मरण सोन्याच्या जागी लिहिलेले होते, आणि सोन्या कोठेच नव्हती. तुरुंगातल्या सोबतिणींनी भांड्यावरचे नाव सांगितले, तेव्हा नूरचा खरा माग लागला. सोन्याचे नाव तिच्या जागी बसावयास आणखी काही वर्षे गेली.

आमचे आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांची कागदांनी भरलेली पत्र्याची ट्रंक आमच्या लहानपणी माळ्यावर असे. घर बदलताना कागद रद्दीत गेले, ट्रंक धान्याला ठेवली. आजोबांच्या आईचे नाव काय, हे आज घरात कोणालाही सांगता येत नाही. आमच्यावर तर कोणी संकटही आणले नव्हते. न्यासाच्या कपाटातील वसतिगृहाचे पहिले प्रवेश-अर्ज वाळवीने खाल्ले आहेत. उरलेल्यांना कापडी बस्ते शिवून देण्याचे आमच्या घरून कबूल झाले आहे, एवढे जाता जाता विश्वस्तांच्या कानावर घालतो.

त्या मुलाचे सांगून संपवितो. आरोल्सनच्या कचेरीने जुन्या कार्डांची छायाचित्रे संगणकावर ठेवून, कार्डावरची नावे टाइप करण्यास जगभरच्या लोकांना बोलाविले आहे. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही नववीतल्या काही मुलांना संगणकाच्या खोलीत बसविले. अक्षर जुन्या जर्मन वळणाचे, त्यामुळे एकेका कार्डाला बराच वेळ लागे. दोन तासांत अकरा कार्डे झाली. त्याच्या वाट्याला आलेल्या कार्डावर नाव, जन्मतारीख, धंदा शिंपी, बायकोचे नाव आणि छावणीत आल्याची तारीख होती. पुढचे रकाने कोरे. त्याने नाव दोनदा तपासले, एक अक्षर चुकले होते ते सुधारले. मग विचारले, "सर, ह्याचे पुढे काय झाले?" आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ह्या वेळी तसे सांगितले. त्याने पुढले कार्ड उघडले.